दक्षिणेची भिंत

किल्ली आत गेली. सायलस पर्व्हिसने ती मुद्दाम खुपसली नव्हती. शाळेच्या दक्षिणेच्या भिंतीशी उभा राहून तो बुटाची चिकणमाती खरवडत होता. हातात घराची किल्ली होती. तोल जाईल म्हणून त्याने हात भिंतीवर टेकवला आणि किल्लीचं टोक दोन विटांमधल्या दरजेवर टेकलं. टेकलं ते थांबलंच नाही. बोटभर लांबीची लोखंडी किल्ली पार कडीपर्यंत आत, लोण्यात सुरी जावी तशी. त्याने ती ओढून काढली. तिला करडी ओली वाळू चिकटली होती. चिमटीत धरून त्याने ती चुरडली, आणि ती मुकाट्याने चुरडली गेली. बावीस वर्षं विटा रचणाऱ्या माणसाला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. हा चुना कधी धरलाच नव्हता. नोव्हेंबरात तो नुसता गोठला होता. सगळा हिवाळा ही तीन पुरुष उंचीची भिंत चुन्यावर नाही, बर्फावर उभी होती, आणि आता आठ दिवस तिच्यावर एप्रिलचं ऊन पडत होतं. आत पोरं एका सुरात पाढा म्हणत होती. सात साती एकोणपन्नास. आणि इनिसफर्ड शहराच्या महापौराने, ज्याने ही शाळा बांधली त्याच कंत्राटदाराने, काय केलं असेल? आधी इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नाही ना म्हणून. मग अंगठ्याने ते भोक बुजवलं.

कोणी बघत नव्हतं. कुंपणाच्या खांबावर एक पिवळ्या छातीचा पक्षी गळा काढून गात होता, तेवढंच. सायलस सवयीने भिंतीला पाठ टेकायला गेला आणि चटका बसल्यासारखा पुढे सरला. आपल्याच भिंतीला आपण भ्यालो! कानशिलं तापली त्याची. रोज सकाळी लापशी खाऊन तो गावातून फेरी मारायचा आणि आपण बांधलेल्या इमारतींना हात लावत जायचा. पोस्ट, बँक, बंबखाना, मेथडिस्टांचं चर्च. "निघाले मेयरसाहेब गाई थोपटायला," असं लोक म्हणायचे. म्हणेनात का! तो इथे उतरला तेव्हा रुळांवर एक मोडका डबा आणि नजर पोचेल तिथवर गवत, याखेरीज काही नव्हतं. आज चार हजार वस्ती होती आणि तिच्यातलं निम्मं गाव त्याच्या हाताखालून उभं राहिलं होतं. माणसं आणायची तर गावाचं नाव राखायला हवं, झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याच्याइतकं कोणाला कळलं नव्हतं. पूर्वेकडच्या शहरांतली माणसं एकच विचारायची, थंडी किती पडते हो तिकडे? म्हणून महापौर झाल्या झाल्या त्याने पहिलं काम केलं ते हे, की पोस्टाबाहेरचा तापमापक काढून टाकला. वर्तमानपत्रात आकडा छापायचा नाही, 'हवा मोकळी व आरोग्यदायी' एवढंच छापायचं. दर गुरुवारी हॉटेलात उत्कर्ष मंडळाचं जेवण असायचं, तिथे तर थंडी हा शब्दच बंद. जो उच्चारील तो कुरकुऱ्या. त्याने खुर्चीवर उभं राहून तीनदा म्हणायचं, "इनिसफर्डची हवा सगळ्या प्रांतात उत्तम!" गंमत होती ती. कोणालाही विचारा, सगळे हसायचे.

मर्डोसुद्धा हसला होता का? सायलसला आठवेना. मर्डो गन, त्याचा जुना मुख्य गवंडी, साठीचा, दाढीत कायम चुना. पहिल्या वर्षी दोघांत मिळून रानरेड्याच्या कातड्याचा एकच कोट होता. गेल्या नोव्हेंबरात हीच भिंत छातीइतकी झाली असताना मर्डो परांचीवरून खाली उतरला आणि त्याने पाण्याची बादली सायलसच्या नाकासमोर धरली. "बर्फाची साय धरलीय, सायलस. पाण्यावर साय धरली की थापी खाली ठेवायची. भिंतीवर पेंढा पसरायचा, ताडपत्री घालायची आणि एप्रिलपर्यंत घरी बसायचं. माझ्या बापाने हेच केलं आणि मीही तेच करणार." सायलस म्हणाला, "तुझा बाप स्कॉटलंडात होता. पाण्यात मीठ घाल, वाळू तापव, विटा शेगडीवर भाजून घे. नाताळाआधी छप्पर चढलं पाहिजे. रेल्वेचे साहेब येतायत, कारखाना कुठे टाकायचा ते बघायला. आपल्याकडे, नाहीतर सेल्बीला." त्यावर मर्डोने बादलीतली ती साय बोटाने मोडली. "मिठाने मासे टिकतात, बाबा. भिंती नाही टिकत." तेव्हा सायलसने त्याला गुरुवारच्या जेवणाला नेलं, चार शहाणी माणसं समजावतील म्हणून. सूप यायच्या आतच मर्डो म्हणून गेला, "पण या थंडीत चुना..." आणि सगळं टेबल ओरडलं, "खुर्ची! खुर्ची!" म्हातारा उभा राहिला खुर्चीवर. बूट काढून उभा राहिला, गादी खराब होऊ नये म्हणून. मोज्याच्या टाचेला दुसऱ्याच रंगाच्या लोकरीचं ठिगळ होतं. टोपी हातात धरून त्याने तीनदा म्हटलं आणि सायलस सगळ्यांत मोठ्याने हसला. मग मर्डो खाली उतरला, समोरचं जेवण नीट संपवलं, आभार मानले आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही. उरलेली भिंत नुकत्याच गाडीतून उतरलेल्या माणसांनी रचली. जानेवारीत साहेब आले, बर्फात उभे राहून त्यांनी शाळेच्या मनोऱ्याची वाखाणणी केली आणि निकाल मेच्या मध्यावर कळवू म्हणून गेले. मेचा मध्य म्हणजे आणखी पंधरा दिवस.

तेव्हा आपल्याला इतका राग का आला होता? शिवी दिल्यासारखा? अंगठा पुन्हा त्या दरजेवर गेला होता आणि तिथला गारवा नखातून वर चढत होता. एप्रिलपर्यंत थांब. हां. हेच शब्द मर्डोने आणखी एकदा उच्चारले होते, एकोणीस वर्षांपूर्वी, गवताळ मातीच्या ढेपांनी बांधलेल्या पहिल्या झोपड्यात. त्याच्या बायकोचं, लेटीचं, पहिलं बाळ सहा आठवड्यांचं होऊन गेलं, आजार नाही, काही नाही, एका पहाटे नुसतं गार लागलं हाताला. जमीन लोखंडासारखी झाली होती. सायलसने कुदळ मारली, दांडा मोडला, दुसरी मारली. मर्डोने मागून येऊन त्याचे हात धरले. "एप्रिलपर्यंत थांब, गड्या." बाळाची पेटी तीन महिने लाकडांच्या शेडमध्ये, फळ्यांच्या चळतीवर राहिली आणि सायलस रोज त्याच चळतीतल्या फळ्या काढून लोकांची घरं बांधत गेला, वरची पेटी तेवढी रोज उचलून बाजूला ठेवत. त्यानंतर घरात थंडी हा शब्द कोणी काढला नाही. लेटी पोरांना सांगायची, स्वेटर घाला रे, बाहेर जरा मोकळी हवा आहे. म्हणजे गावाला नियम लावायच्या कितीतरी आधी तो घराला लागला होता. हे त्याला आज, या भिंतीपाशी, पहिल्यांदा दिसलं. पण आता दिसून काय उपयोग?

मन लगेच सबबी जुळवायला लागलं. शनिवारी दोन माणसं लावून दरजा खरवडायच्या, वरून सिमेंट भरायचं. छट्! आतला गाभाच लगदा झालेला, वरून चोपडून काय होणार? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. निदान पोरं तरी बाहेर काढू. काहीतरी कारण सांगू, धुराडं साफ करायचं आहे म्हणू, पंधरा दिवस शाळा बंद. तेवढ्यात निकाल लागेल, मग बघू. हे जमेल. जमेलच! त्याने कोट झटकला, चेहऱ्यावर महापौर आणला आणि दार लोटून आत गेला.

आणि उंबऱ्यातच थांबला. वर्गातली सगळी बाकं उत्तरेच्या भिंतीला लावलेली होती, इतकी दाटीने की पोरांचे गुडघे पुढच्याच्या पाठीला लागत होते. दक्षिणेकडची निम्मी खोली साफ रिकामी. तिथल्या जमिनीच्या फळ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूची एक रेघ ओढली होती. रेघेच्या पलीकडे तीनचार पेन्सिली, एक खोडरबर आणि एक लाल हातमोजा पडला होता, आणि त्यावर धूळ होती. म्हणजे कितीतरी दिवस कोणी ते उचलायला गेलं नव्हतं. भिंतीवर खिळ्याला ओळंबा टांगला होता आणि त्याच्या दोरीमागे पेन्सिलीच्या बारीक खुणा, एकीखाली एक, प्रत्येकीपुढे तारीख. ते अक्षर सायलसने झोपेतही ओळखलं असतं. सात साती म्हणणारी तोंडं गप्प होऊन त्याच्याकडे बघत होती.

"मनातल्या मनात म्हणा," मुलांना एवढं सांगून मिस थॉर्बर्न दाराशी आली. सडसडीत बाई, तिशीची, नोव्हा स्कोशियाकडची. गावात दोन वर्षं होती आणि सायलसने तिला नाताळच्या कार्यक्रमापलीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

"बाकं अशी का लावलीत?"

"तिकडे ऊन फार येतं, मेयरसाहेब."

"मिस थॉर्बर्न."

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याला ओली वाळू होती. तिचा चेहरा एकदम सैल झाला, दमलेल्या माणसाचा असतो तसा. "अगंबाई," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला आज कळलं?"

"म्हणजे तुम्हाला..."

"मार्चपासून. मर्डो रोज शाळा सुटल्यावर येतात, ओळंबा लावतात, खूण करतात. वरची कड दोन बोटं बाहेर गेलीय. तीन बोटं झाली की मी कोणाला न विचारता मुलांना बाहेर काढायचं, असं ठरलंय."

"ठरलंय? कोणाचं ठरलंय?"

"सगळ्यांचंच."

सगळ्यांचं. काल नाभिकाने त्याची दाढी करताना विचारलं होतं, शाळेत वरच्या मजल्यावर वाचनालय कधी उघडताय, मेयरसाहेब? गळ्यावर वस्तरा ठेवून विचारलं होतं, आणि हसून. त्यालाही ठाऊक होतं? बँकेतल्याला? पोस्टातल्याला? "मला कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच पोरासोरासारखा वाटला.

"शाळा-समितीपुढे मी दोनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला. दुसऱ्यांदा हे." तिने झग्याच्या कॉलरची आतली बाजू उलटून दाखवली. तिथे पत्र्याचा बिल्ला टोचलेला होता, मंडळाचा, त्यानेच छापून आणलेला. त्यावर लिहिलेलं, 'गाव वर काढा.' "म्हणाले, निकाल लागेपर्यंत मेयरसाहेबांच्या जिवाला घोर लावू नका."

"मग तुम्ही सोडून का नाही गेलात?"

"मी गेले तर नवी येणारी बाकं परत जागेवर लावील."

"आणि यांचे आईबाप? त्यांना ठाऊक असून..."

"निम्मे तुमच्याकडे कामाला आहेत, साहेब. उरलेल्यांना तुमच्याकडे काम हवंय. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? ज्यांना धीर झाला त्यांनी घसा धरला."

"घसा?"

"घसा दुखतो म्हणून पोरं घरी ठेवली. बघा ना, बारा जागा रिकाम्या आहेत."

घशाची साथ! महिनाभर तो त्या साथीने वैतागला होता. इतक्या निरोगी गावात हे काय लचांड, निकालाच्या तोंडावर? डॉक्टरला त्याने स्वतः बजावलं होतं, घरांवर साथीच्या पाट्या लावू नका. संपादकाला सांगितलं होतं, एक ओळ छापायची नाही. डॉक्टर म्हणाला होता, बरं. संपादक म्हणाला होता, बरं. किती सज्जनपणे म्हणाले होते दोघे! "माझ्याही नेलचा घसा..." सायलस बोलायला लागला आणि मधेच त्याचं तोंड उघडंच राहिलं. तीन आठवडे. नऊ वर्षांची त्याची नेल तीन आठवडे गळ्याला फ्लॅनेल गुंडाळून घरी होती आणि रोज तो तिच्यासाठी पेपरमिंट घेऊन जात होता. मिस थॉर्बर्नने मान खाली घातली. एवढं बोलून गेलेली ती बाई आता मात्र त्याच्याकडे बघेना.

पुढचं त्याने केलं ते कसं केलं हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. तो वर्गासमोर जाऊन उभा राहिला. "मुलांनो, धुराडं..." असं म्हणाला आणि थांबला. चौतीस चेहरे. रांजणवाड्या झालेले, नाकं वाहणारे, एकाच्या ओठावर जॅम. यांच्यातला कोणी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नव्हता आणि सगळे अदबीने ऐकत होते, मोठ्यांकडून शिकले होते तसे. "ही भिंत वाईट आहे," तो म्हणाला. "मी ती थंडीत बांधली. थंडी फार होती. बांधायला नको होती." पहिल्या बाकावरच्या एका मुलीने तोंडावर हात ठेवला. मागून एक बारीक आवाज आला, खरोखरच्या कुतूहलाने, "मिस, आता मेयरसाहेब खुर्चीवर उभे राहणार?" कोणी हसलं नाही. मिस थॉर्बर्नने नुसता हात वर केला. घंटा नाही, ओरडणं नाही. बाकं न सरकवता पोरं दोनदोनच्या रांगेत उठली, मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले, आणि उत्तरेच्या भिंतीला अंग घासत, चवड्यांवर, सगळा वर्ग बाहेर. शंभर आकडे मोजायच्या आत खोली रिकामी. किती वेळा हे केलं असेल यांनी? चवड्यांवर कोणी चालायला लावलं असेल? भिंत पडली असती तरी इतका हादरला नसता तो, जितका त्या पावलांच्या न आलेल्या आवाजाने हादरला.

भिंत पडली नाही. उन्हात लालभडक, देखणी उभी होती. पोरं रस्ता ओलांडून पार पलीकडच्या मैदानात जाऊन थांबली होती आणि दुकानांतून माणसं बाहेर येऊ लागली होती. सायलसने मिस थॉर्बर्नला सांगितलं, मर्डोला बोलवा, म्हणावं सांगेल तसं करू, उतरवायची तर आजच उतरवू. मग कुंपणाच्या दोन फळ्या उपटून त्याने स्वतः शाळेच्या दारावर आडव्या ठोकल्या. "अहो मेयरसाहेब!" औषधवाला धापा टाकत आला. "पंधरा दिवस राहिलेत हो निकालाला! पंधरा दिवस निघाले असते की! सेल्बीवाले जल्लोष करतील जल्लोष!" सायलसने त्याच्याकडे पाहिलं. त्याची दोन्ही मुलं घसा धरून घरी होती. "निघाले असते," सायलस म्हणाला, आणि हातोडा त्याच्याच हातात देऊन घराकडे चालू लागला.

घरामागच्या अंगणात नेल दोरीवरच्या उड्या मारत होती. गळा उघडा, वेण्या सुटलेल्या, गाल लाल. छप्पन्न, सत्तावन्न, मोजत होती. सायलस फाटकाशी उभा राहिला. इतकी धडधाकट पोर त्याने कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. मग तिची नजर त्याच्यावर गेली आणि तिने दोरी टाकली, कठड्यावरचं फ्लॅनेल घाईघाईने गळ्याला गुंडाळलं आणि खोकली. चांगली खोकली, दोनदा, हात छातीवर ठेवून. बापाच्या चेहऱ्याकडे बघत, पटलं का ते बघत. "पपा, आज लवकर आलात?" आवाजसुद्धा बसलेला काढला तिने. तिच्या डोक्यावर हात ठेवून तो स्वयंपाकघरात गेला.

लेटी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली, त्याच्या कोटावरचा विटांचा भुगा पाहिला आणि सुरी खाली ठेवली. "पडली?"

"नाही. पोरांना बाहेर काढलं."

"देवा," असं म्हणून ती खुर्चीत बसली आणि दोन्ही तळव्यांनी तिने तोंड झाकलं. खांदे हलत होते. सायलस मधोमध उभा होता. तिला जवळ घ्यावं की ओरडावं हेच त्याला कळेना. शेवटी ओरडलाच तो. "आपली तेवढी वाचवलीस! आणि बाकीच्यांची? त्या चौतीस पोरांच्या आया नव्हत्या?"

"बाकीच्यांची?" तिने हात काढले. डोळे लाल होते, पण आवाज नव्हता कापत. "घसा कोणी शिकवला त्यांना? दारोदार गेले मी, सायलस. जॅमची बाटली द्यायच्या निमित्ताने. त्यांच्या आयांनी ऐकून घेतलं, बटव्यात बिल्ला आहे की नाही ते चाचपलं आणि म्हणाल्या, मिसेस पर्व्हिस, आमचा नवरा तुमच्या यजमानांकडे कामाला आहे. मी काय बोलणार त्यावर?"

"मला का नाही सांगितलंस? बाप आहे मी तिचा! बायको नवऱ्याला एवढं सांगत नाही? मी काय राक्षस आहे?"

लेटीने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत, तो असता तर बरं झालं असतं. "सांगणार होते," ती म्हणाली. "एकदा नाही, तीनदा. मग विचार केला, सांगितलं तर तू काय करशील? दुसऱ्या दिवशी सकाळी नेलचा हात धरून गावातून चालत नेली असतीस तिला. आणि त्या भिंतीला लागून पहिल्या बाकावर नेऊन बसवली असतीस. लोकांची तोंडं बंद करायला. खोटं सांगतेय मी? सांग, खोटं आहे म्हणून."

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. आणि त्याला दिसलं. सकाळचं ऊन, लाकडी फूटपाथ, नेलच्या वेण्यांना निळ्या फिती, तिचा हात त्याच्या हातात. दोन्ही बाजूंना दुकानांच्या दारांत माणसं, आणि तो डाव्या हाताने हॅट उचलून एकेकाला नमस्कार करतोय. काय लख्ख दिसलं! वर्गात शिरून त्याने बाक स्वतः ओढून भिंतीला लावलं, पोरीला उचलून त्यावर बसवलं, तिच्या डोक्यावरून विटांवर एक थाप मारली आणि वळून सगळ्यांकडे पाहिलं. आणि त्या चित्रात त्याला भीती वाटत नव्हती, अजिबात नाही, अभिमानाने त्याची छाती भरून आली होती. लेटी उत्तराची वाट बघत होती.